दौलत, तू तो शब्द लिहिला नाहीस

दौलत,

परवा कोर्टात तुला श्रद्धांजली म्हणून सगळे उभे राहिलो. जज्जसाहेबांनी तुझं शिक्षण, तुझी सनद, तुझी आमदारकी असं एकेक वाचून दाखवलं. वाचलं ते सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठंच नव्हतास. मग मला बोलायला सांगितलं. नागपूरला वकिली शिकताना आपण एका खोलीत राहिलो, यवतमाळला येऊन वकिलांच्या एकाच बाररूममध्ये बसलो आणि बहुतेक खटल्यांत एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलो. मी नाही बोलायचं तर कोणी? मी उठलो, "माझा मित्र" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला शब्द सापडला नाही, याचं लोकांना नवल वाटलं असेल. तू असतास तर नक्की म्हणाला असतास, "मधू, आज पयल्यांदा थोडक्यात आटपलं तू."

तिथं बोलता आलं नाही ते आता लिहितो आहे. तू जाऊन महिना होत आला. भांडायला कोणी नाही, म्हणून रविवार मोठा वाटतो.

सायकलच्या दुकानावरची तुझी ती खोली आठवते. खाली दिवसभर ट्यूबचं पंक्चर काढणं चालायचं आणि वर तुझे पक्षकार जिन्यावर बसलेले असायचे. छप्पन साली तू आणि तुझी माय नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलात, त्यानंतर थोड्याच महिन्यांत निवडणूक आली. जिल्ह्यात एक राखीव जागा होती आणि तिच्यासाठी तुझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. हे तुझी माणसं म्हणत होती, मीही म्हणत होतो, तुझे विरोधकसुद्धा म्हणत होते. अडचण एका शब्दाची होती. त्या जागेसाठी अर्ज भरणाऱ्यानं आपली जुनी जात लिहून द्यायची आणि आपण हिंदू आहोत असं त्यातून मान्य करायचं. दीक्षा घेतलेल्याला कायद्यानं ती जागा नव्हती, त्यानं लढायचं तर मोठ्या, सर्वसाधारण जागेवर.

अर्ज भरायला एकच दिवस उरला होता. तुझे किसनमामा गावाहून आले होते, आणखी चारसहा मंडळी होती. तुझी माय दारापाशी सुपात तूर निवडत बसली होती. मामा म्हणाले, "एक शब्द तं लिहा लागते. लिहून टाक न. नागपूरले जे घेतलं ते काय कोनी हिसकून घेऊन राह्यलं?"

"मामा, त्याच्याखाली सही करा लागते मले. का हे खरं हाय म्हनून."

"मंग कर न सही! तो साहेब काय तुह्या घरी पाहाले येईन का, तू कोनाले हात जोडतं म्हनून?"

"तो नाही येईन," तू म्हणालास. "पन मी तं तथीच राह्यतो."

 मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कायद्याची बाजू मांडली. माणूस धर्म बदलू शकतो, पण जन्मानं आलेली जात बदलत नाही, असा युक्तिवाद उभा करता येतो. कोर्ट काय म्हणायचं ते पुढं म्हणेल, तोवर तू निवडून तर येशील. मी अर्धा तास बोललो असेन. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "चांगला युक्तिवाद हाय. पक्षकारासाठी मीही केला असता. स्वतःच्या सहीसाठी युक्तिवाद नाही करत कोनी."

मामांनी शेवटचा प्रयत्न केला. "बाई, तू तरी सांग त्याले."

मायनं सूप खाली ठेवलं. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उपसून उपसून तिची बोटं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी पदर सावरत ती म्हणाली, "आमदाराची माय व्हावं असं मले लय वाटे. खोटं कायले बोलू." मग तुझ्याकडं पाहून म्हणाली, "त्या मोठ्या जागेवर उभा राह्यला तं हारशीन लेका."

"हारीन."

"मंग जेवून घे. सकाळपासून उपाशी हाय."

तू जेवलास. दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण जागेसाठी अर्ज भरलास, आणि मायनं सांगितलं होतं तसा हरलास. साधासुधा हरला नाहीस, डिपॉझिट गेलं. राखीव जागेवर जो निवडून आला तो भला माणूस होता, पण मुंबईच्या सभागृहात त्याचा आवाज फारसा कोणी ऐकला नाही. मी तुला किती वेळा ऐकवलं, "तुझ्या एका सहीपायी तुझ्या माणसांची पाच वर्षं गेली." तू ते कधी नाकारलं नाहीस. नुसता म्हणायचास, "गेली. ते खरं हाय." आणि पुढच्या तारखेची तयारी करायला लागायचास. तुझ्या त्या कबुलीनं मला जास्त राग यायचा. वाद घालणाऱ्याशी भांडता येतं. नुकसान डोळ्यांनी पाहून, ते मान्य करून, तरी जागचा न हलणाऱ्या माणसाशी काय करायचं?

पण तुझा खरा दरारा मला वाटला तो विहिरीच्या खटल्यात. हे मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही.

बोरी अरबच्या पुढं तुझं गाव. दीक्षेनंतर तुझ्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि गावानं विहीर बंद केली. एका सकाळी वस्तीतली काही पोरं बादल्या घेऊन विहिरीवर गेली. तिथं ओढाताण झाली, रहाट मोडला. गणपतराव पाटलांनी फिर्याद दिली की पोरांनी जमाव करून खासगी विहिरीवर हल्ला केला. पोरांच्या बाजूनं तू होतास. पाटलांनी मला वकील केलं होतं.

सगळा खटला विहीर कोणाची यावर अडला होता. पाटील म्हणत होते, आमच्या घरची. तुम्ही म्हणत होतात, गावची. कागद कोणाकडंच नव्हता. जी माणसं खरं सांगू शकली असती ती मरून गेली होती. वकिलाच्या हिशेबानं माझी बाजू भक्कम होती, कारण ताबा पाटलांचा होता.

दारव्ह्याच्या कोर्टात पाटील साक्षीला उभे राहिले. मी त्यांची तपासणी केली, ते शिकवल्याबरहुकूम बोलले. मग तू उलटतपासणीला उठलास. तुझ्या हातात कागद नव्हता. तू कोर्टातली भाषा सोडून दिलीस आणि बांधावर बोलावं तसं विचारलंस, "पाटील, आता शपथ घेतली ना तुमी?"

"घेतली."

"मंग मले येवढं सांगा. हे विहीर खोदली तवा खाली कोन उतरलं होतं?"

मी हरकत घ्यायला अर्धा उठलो होतो. पाटलांचा चेहरा पाहिला आणि तसाच थांबलो. त्यांनी "माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कोणी त्यांना खोटं पाडू शकलं नसतं. पाटील कठड्याला धरून खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "तुहा बाप."

"आनखी?"

"तुमच्याच वस्तीतले मानसं."

"अन् वरतं?"

"वरतं मी होतो. जवान होतो तवा. मातीचे टोपले वढून राह्यलतो."

"मजुरी कोन देल्ली?"

"सरकारनं. दुष्कायाचं काम होतं ते."

जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. माझा खटला तिथंच संपला होता आणि तुला ते कळलंही होतं. तरी तू आणखी एक प्रश्न विचारलास. तो खटल्यासाठी नव्हता, असं मला आजही वाटतं. "पानी लागलं तवा पयलं कोन पेलं, पाटील?"

पाटलांचा आवाज बदलला. "तुह्याच बापानं. खालीच होता ना थो. ओंजळीनं पेला, अन् वरतं माह्याकडं पाहून हासला."

"बस, साहेब," तू म्हणालास आणि बसलास.

पोरं सुटली. विहीर गावची ठरली. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तुला गाठलं. मी हरलो होतो, पण माझा राग हरल्याचा नव्हता. "तुझ्याजवळ काय होतं? कागद नाही, साक्षीदार नाही. तो नुसता नाही म्हणाला असता तर पोरं तुरुंगात गेली असती. हा जुगार झाला, दौलत. तुझी जागा तू घालव, पण दुसऱ्यांच्या पोरांवर पैज लावतोस?"

"पोरांले इचारलं होतं," तू म्हणालास. "तेच म्हनले, इचारा."

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"दोन दिवस जेवन गेलं नाही."

"मग कशाच्या भरवशावर विचारलंस?"

"त्यानं शपथ घेतली होती, मधू."

"शपथ सगळेच घेतात!"

"घेतेत. पन मी खरं बोलतो अन् पाटील नाही बोलनार, हे मी कायच्या भरवशावर धरू, सांग."

 आपल्या धंद्यात समोरचा खोटं बोलणार हे धरूनच आपण उभे राहतो. आपले प्रश्न, आपले पुरावे, आपली सगळी हुशारी त्याच्यावर उभी असते. तू ते धरत नव्हतास. ज्यानं तुझ्या माणसांचं पाणी तोडलं, त्याच्याही आत एक खरं बोलणारा माणूस असेल असं समजून तू त्याला हाक मारलीस, आणि तो आला. तुझ्याजागी मी असतो तर मला ते करता आलं असतं का, हा प्रश्न मी त्या दिवसापासून टाळत आलो. उत्तर मला ठाऊक आहे म्हणून टाळत आलो.

बासष्टच्या निवडणुकीत तू पुन्हा सर्वसाधारण जागेवर उभा राहिलास. अर्जावर सूचक म्हणून सही गणपतराव पाटलांची होती. बोरीच्या बाजारात त्यांनी बैलगाडीवर उभं राहून भाषण केलं ते मी स्वतः ऐकलं. "या मानसानं मले कोर्टात उभं केलं अन् माह्याच तोंडून मले हारवलं," ते म्हणाले. "आता याले मुंबईले धाडा. तथीसा मंत्र्याईच्या तोंडून काढन खरं!" बाजार हसला. त्या हसण्यात तुझी निवडणूक झाली, असं मी समजतो. नेरच्या बाजूनं मतं येतील की नाही याची तुला काळजी होती. नेरनंही दिली.

तुझ्या मायला घेऊन मी मुंबईला आलो होतो. सभागृहाच्या वरच्या सज्जात आम्ही दोघं बसलो. खाली एकेक सदस्य ईश्वरसाक्ष शपथ घेत होता. तुझं नाव पुकारलं. तू काळ्या कोटात उभा राहिलास आणि "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो" असं स्वच्छ आवाजात म्हणालास. मायनं माझ्या बाहीला ओढलं. "बाकीच्याईनं देवाचं नाव घेतलं. यानं नाही घेतलं?"

"नाही घेतलं."

"मंग याच्यावर ध्यान कोन ठेवन?"

ती थट्टा करते आहे की खरंच विचारते आहे, मला कळेना. "तुम्ही आहात ना," मी म्हटलं.

"अन् मी मेल्यावर?"

दौलत, ती आहे. तूच आधी गेलास.

सभागृहातल्या तुझ्या गोष्टी मला तुझ्यापेक्षा इतरांकडूनच जास्त कळल्या. अडाण नदीवरच्या पुलाचा प्रश्न तू दर अधिवेशनात विचारायचास. एकदा एक मंत्री वैतागून म्हणाले, सन्माननीय सदस्य प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतात. तू उठून म्हणालास, "उत्तर प्रत्येक वेळी तेच येतं म्हणून." सगळं सभागृह हसलं, मंत्रीसुद्धा. पुढच्या हिवाळ्यात पुलाचे खांब उभे राहायला लागले. तू मात्र गावाला जाताना एसटीतच बसायचास. नेरच्या स्टँडवर बाकावर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचास, बस सुटली तर पुढची पकडायचास. मी म्हणायचो, "आमदार आहेस, एक गाडी ठेव." तू म्हणायचास, "गाडीत कोन भेटन मले?"

आता त्या शेवटच्या भांडणाबद्दल. ते अर्धंच राहिलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी जिना चढून धापा टाकत तुझ्या खोलीत शिरलो होतो. दीक्षा घेतलेल्या माणसाला राखीव जागा लढवता येत नाही, असं म्हणून कोर्टानं एका आमदाराची निवड रद्द केली होती. सत्तावन्न साली मी मांडलेला युक्तिवाद चालला नव्हता आणि तू बरोबर ठरला होतास. मी हरल्याचा मला आनंद झाला होता, इतका मी तुझा झालो होतो. तू निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास. मग विचारलंस, "ज्याची जागा गेली तो कोन हाय? लोकाईनं निवडून देल्लं होतं ना त्याले?"

"पण तू बरोबर होतास!"

"कायदा तसा होता म्हनून मी तसं केलं," तू म्हणालास. "पन कायदा बरोबर हाय का, मधू? दीक्षा घेतली म्हनून आमच्या वस्तीत कोनाची मजुरी वाढली? कोनाले वावर भेटलं? लोकं तेच, घरं तेच. खरं लिहिनाऱ्याचं नुकसान होईन असा कागद सरकारनं काहून ठेवावा?"

तेवढ्यानं तुझं समाधान होणार नव्हतं. दीक्षा घेतलेल्यांनाही त्या जागा मिळाव्यात, असा ठराव विधानसभेत मांडायचं तुझ्या मनात आलं. कायद्यातली दुरुस्ती दिल्लीला व्हावी लागेल, पण शिफारस तरी इथून जावी. मी म्हटलं, सभागृहाच्या हातातली गोष्ट नाही, वेळ वाया जाईल, निवडणूक जवळ आली आहे, तुझ्याच मतदारसंघातली सवर्ण मतं बिथरतील. तू म्हणालास, बिथरतीन. मी म्हटलं, पुन्हा हरशील. तू म्हणालास, होऊ शकते. मग कितीतरी रविवार आपण त्यावर भांडलो. मसुद्यातलं एक वाक्य मी खोडायचो, तू पुन्हा लिहायचास. शेवटच्या रविवारी उठताना मी दारातून ओरडलो होतो, "तुला समजावणं माझ्या बापालाही जमणार नाही!" तू हसून म्हणालास, "येजो पुढच्या आयतवारी. उरलेलं भांडू."

गुरुवारी तू नेरहून परत आलास. हातपाय धुतलेस, कौसल्यावहिनींना म्हणालास, जरा पडतो, जेवायला उठव. त्या उठवायला गेल्या.

तुला नेलं त्या दिवशी गणपतराव पाटील काठी टेकत आले होते. ते तुझ्या मायच्या शेजारी जमिनीवर बसले.  माय रडत नव्हती. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुमचं भांडन मिटलं होतं का रे, तो गेला तवा?"

मी म्हटलं, "नाही मिटलं, माय."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्याले आवडे."

तो ठराव तसाच राहिला आहे. तो कोण मांडील, मांडला तर काय होईल, मला माहीत नाही. तुझा मुद्दा खरा आहे हे मी आता मान्य करतो. तुझी घाई चूक होती, हे अजूनही म्हणतो. तू समोर असतास तर पहिल्या वाक्यावर हसला असतास आणि दुसऱ्यावर कोट काढून बसला असतास.

तुझे चालू खटले वहिनींनी माझ्याकडं दिले. काल तुझी एक पक्षकार आली, दारव्ह्याकडच्या तांड्यावरची. नवऱ्यामागं दिरानं तिचं वावर दाबलंय, तो खटला. तुझं तिला कळलं नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, "दौलत वकील कोठी हाय?" मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. डोक्यावरची ओढणी तिनं तोंडाशी धरली. मग म्हणाली, "मंग माही तारीख?"

"तारखेला मी उभा राहीन, बाई."

तिनं मला नीट पाहून घेतलं. माझा इस्त्रीचा कोट पाहिला, भिंतीवरची वडिलांची वकिलीची सनद पाहिली. मग सरळ विचारलं, "तो पयल्याच दिवशी म्हने, बाई, खोटं सांगाचं नाही, मी खोटं भांडत नाही. तुमी बी तसेच हाय का?"

पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. होय म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण ती माझ्याकडं पाहत होती, दौलत, आणि तिच्यामागून तूही पाहत असल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, "शिकून राह्यलो, बाई."

ती उठली, आत आली आणि समोरच्या खुर्चीवर बसून पहिल्यापासून सांगायला लागली.